ड्यूकच्या घरी दशम्या

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी माणसाला आधी हवामानावर बोलायची सवय लागते आणि मग दुसरा आजार जडतो, तो म्हणजे सुट्टीच्या दिवशी कुणाचं तरी जुनं घर बघायला जाणे. साधंसुधं घर नाही हं. ड्यूक, अर्ल वगैरे मंडळींचं, भोवती नजर पोचेल तिथपर्यंत कुरण, मेंढ्या, हरणं, नदी, आणि आत पूर्वजांची तैलचित्रं ज्यात सगळ्यांचं नाक एकच. आमच्या घरी हा आजार नवऱ्याला आहे. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर आईला फोन लावेल पण डेव्हनशायरचे ड्यूक पहिल्यापासून बाराव्यापर्यंत तोंडपाठ. आता डेव्हनशायरचे ड्यूक डर्बीशायरमध्ये का राहतात हे त्याला विचारू नका, मी विचारलं होतं, पाऊण तास गेला.

तर या उन्हाळ्यात सासू-सासरे रावेरहून आले आणि ह्याने जाहीर केलं की आई-अण्णांना चॅट्सवर्थ, म्हणजे ह्याच ड्यूकांचं घर, दाखवायचं. आई म्हणाल्या, "कोणाकडे जायचंय?" मी म्हटलं कोणाकडे नाही, नुसतं घर बघायचं. "ओळख नाही पाळख नाही, आणि घर बघायचं?" वर तिकीट काढून, हे मी तेव्हा सांगितलं नाही. पण आईंना ते कळलंच, त्यांनी पौंडाला शंभरने गुणलं (हिशोबाला सोपं पडतं म्हणून, खरा भाव अजून वाईट आहे) आणि बाहेरचं एक पैशाचं खायचं नाही असा ठराव पास झाला. मग काय, सकाळी अंधारातच स्वयंपाकघरात लाइट. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, जळगावहून आणलेले केळीचे वेफर्स, थर्मासभर चहा, आणि तो थर्मास फुटला तर असावा म्हणून दुसरा थर्मास. आई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून तयार, अण्णा कानटोपी घालून तयार, ऑगस्ट महिना चालू.

एम-वन हायवेवरून जंक्शन २९ ला उतरलं की पुढे पीक डिस्ट्रिक्टचा रस्ता खरंच सुंदर आहे असं म्हणतात. मी मागे दोन पोरांच्या मध्ये बसले होते त्यामुळे मला फक्त थोरलीचा हेडफोन आणि धाकट्याची उलटीची पिशवी दिसली.

पार्कमध्ये शिरलो आणि मेंढ्या. रस्त्यावर, गवतावर, झाडाखाली, सगळीकडे. नवरा सांगतोय की हे सगळं निसर्गरम्य वगैरे दिसतंय ते निसर्गाने केलेलंच नाही, अठराव्या शतकात कॅपेबिलिटी ब्राउन नावाच्या माणसाने आखून दिलंय, झाडं कुठे, उतार कुठे, सगळं. आणि पलीकडचं एडन्सर गाव घरातून दिसायचं म्हणून तिथली घरं पाडून गाव बाजूला बांधून दिलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे पुनर्वसन. आपल्याकडे हतनूर धरणात गावं गेली, इथे नजरेत आली म्हणून गेली." आम्ही चादर अंथरली तर खाली लेंड्याच लेंड्या, मी टिशूने वेचतेय आणि अण्णा मात्र कौतुकाने बघतायत. "शेतात मेंढ्या बसवायच्या तर धनगराच्या हातापाया पडावं लागतं, वर पैसे. इथे फुकट पडलंय." दशम्या तिथेच खाल्ल्या. एक मेंढी फार जवळ आली आणि धाकट्याने तिला वेफर दाखवला, मग ती आमच्यातलीच झाली.

घराविषयी थोडक्यात सांगते कारण मी ते थोडक्यातच पाहिलं. सोळाव्या शतकात बेस ऑफ हार्डविक नावाच्या बाईने इथे पहिलं घर बांधायला घेतलं, आत्ताचं जे दिसतं ते पहिल्या ड्यूकने १६८७ पासून पुढे बांधलं. सव्वाशे खोल्या आहेत. आईंचा पहिला आणि शेवटपर्यंत न सुटलेला प्रश्न, "केर कोण काढतं?" पेंटेड हॉलचं छत, त्यावर ज्युलियस सीझर, आजूबाजूचे लोक तोंड वर करून 'वॉव' म्हणतायत आणि आई कोपऱ्यात जाळं आहे का बघतायत. नव्हतं. त्या जरा नाराज झाल्या. नवऱ्याने सांगितलं की छप्पर सव्वा एकराच्या वर आहे, त्यावर अण्णा मनात हिशोब करून म्हणाले, "केळीची दोन हजार खोडं आरामात बसली असती."

नवरा प्रत्येक पाटी वाचतो. पूर्ण. म्हणजे लग्नात आहेराच्या वहीत कोणी किती दिले ते बघणारी मावशी असते ना, तेवढ्या बारकाईने. त्यामुळे आमचं कुटुंब एका वेळी चार खोल्यांत पसरलेलं असतं आणि मी मधल्या खोल्यांत धावत असते. एका खोलीत दाराआडून दुसऱ्या दारावर टांगलेलं व्हायोलिन दिसतं, चांदीची खुंटी, तारा, लाकडाची झळाळी, सगळं. ते चित्र आहे. १७२३ च्या सुमारास यान व्हॅन डर व्हार्टने दारावर रंगवलेलं. आईंचा विश्वास बसेना, त्या कंबरेत वाकून, मान वाकडी करून सावली खरी की खोटी बघत होत्या, आणि तिथे बसलेल्या आजोबा-गाइडना इतका आनंद झाला की त्यांनी सगळी कहाणी पुन्हा सांगितली, आईंना इंग्रजी फारसं कळत नाही पण मान बरोबर जागी हलवतात.

अण्णा मात्र तिसऱ्या दालनातच खुर्ची शोधायला लागले होते. त्यांना जरा तरतरी आली ती टॅक्सच्या गोष्टीने. दहावे ड्यूक १९५० मध्ये गेले, तेव्हा वारसा कर ऐंशी टक्के. हजारो एकर जमीन विकली, चित्रं दिली, हार्डविक हॉल हे दुसरं आख्खं घर सरकारला दिलं, आणि तरी व्याजासकट शेवटचा हप्ता फिटायला १९७४ उजाडलं. "चोवीस वर्षं?" अण्णा म्हणाले. "आणि आपण तलाठ्याला नावं ठेवतो!"

मग बाग. बाग १०५ एकर आहे आणि धाकट्याची 'सू' बरोबर मधोमध लागली. ते उरकून येईपर्यंत आई एका झाडापाशी पोचल्या होत्या. खडकांमध्ये एक बारकंसं विलोचं झाड, आई जवळ जाऊन म्हणाल्या, "हे वाळलंय गं, पाणी घालत नाहीत वाटतं." आणि त्याच क्षणी फांदीफांदीतून पाणी सुटलं. ते तांब्याचं झाड आहे, मुळात सतराव्या शतकातली आयडिया, येणाऱ्या-जाणाऱ्याला भिजवायचं एवढाच हेतू. व्हिक्टोरिया राणी १८३२ मध्ये तेरा वर्षांची राजकन्या म्हणून आली होती तेव्हा तिला हे फार आवडलं होतं, हे नवऱ्याने आईंना पदर पिळताना सांगितलं. ही वेळ नव्हती.

पुढे मोठं कारंजं. रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून सहाव्या ड्यूकने १८४४ मध्ये घाईघाईने करवून घेतलं, रात्री मशाली लावून कामं केली, पाणी २९६ फुटांपर्यंत उडवून दाखवलं, आणि झार आलाच नाही. आई ओल्या पदरानिशी खऱ्याखुऱ्या हळहळल्या. "निरोप तरी धाडायचा मेल्याने." अण्णांचा प्रश्न वेगळा होता, मोटर किती हॉर्सपॉवरची? मोटरच नाही म्हटल्यावर ते थांबले. टेकडीवर तळं खोदलंय, तिथून पाइपने पाणी खाली येतं आणि त्या जोरावर उडतं. "लाइट नसली तरी चालतं?" लाइटची काही गरजच नाही अण्णा. कृषिपंपाची रात्रपाळी आयुष्यभर केलेला माणूस त्या कारंज्याकडे ज्या नजरेने बघत होता, तसं त्यांनी सीझरकडे अजिबात बघितलं नव्हतं.

नंतर पोरं भूलभुलैयात घुसली. चांगली पुरुषभर उंच, यू नावाच्या झाडाची कुंपणं, आतून धाकट्याच्या किंकाळ्या, थोरली "मला रस्ता माहितीय" म्हणतेय पण आवाज दर वेळी नव्या दिशेने येतोय, मी बाहेरून "डावीकडे वळ" म्हणून ओरडतेय, कोणाच्या डावीकडे ते देवाला माहीत. आणि नवरा शांतपणे अण्णांना सांगतोय की इथे पूर्वी भलंमोठं काचघर होतं, घोडागाडी आतून जायची, बॉयलरचा कोळसा जमिनीखालच्या बोगद्यातून यायचा. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, १९२० मध्ये सुरुंग लावून पाडलं. ते बांधणारा जोसेफ पॅक्स्टन, तेविसाव्या वर्षी इथला मुख्य माळी झाला. त्याने इथल्या दुसऱ्या एका काचघरात मूळची चीनकडची एक बुटकी केळ वाढवली, १८३५ मध्ये तिला केळफूल आलं, आणि ड्यूकच्या आडनावावरून तिचं नाव पडलं कॅव्हेंडिश.

अण्णा हळूच वळले. "काय नाव म्हणालास?"

"कॅव्हेंडिश."

"अरे, म्हणजे आपली बसराई! ग्रँड नैन! विद्यापीठाच्या पत्रकात छापलेलं असतं, कॅव्हेंडिश गट. आणि हे तू आत्ता सांगतोस? सकाळपासून मला नाकं दाखवतोयस!"

नवऱ्याने समजावलं की रावेरची केळी काही इथून गेलेली नाही, फक्त नाव इथलं. कोण ऐकतंय. गुडघा दुखणारे अण्णा भराभरा चालत गवत कापणाऱ्या एका माळीबुवांपर्यंत पोचले आणि मला दुभाषी म्हणून उभं केलं. पोरं भूलभुलैयात, आई ओल्या, आणि मी 'निसवण'ला, म्हणजे केळीतून घड बाहेर पडण्याला, इंग्रजीत काय म्हणतात ते शोधतेय. मृगबाग, कांदेबाग हे लागवडीचे हंगाम, करपा, सीएमव्ही हे रोग, मे-जूनच्या वादळात आडवे झालेले बाग, सगळं झालं. काचेच्या घरात, या थंडीत, किती महिन्यांत निसवली? घड किती किलोचा? माळीबुवा गुलाबवाले निघाले, पण माणूस भला, त्यांनी उलट विचारलं की तुमच्याकडे एका झाडाला किती येतात. अण्णांनी हात छातीपासून गुडघ्यापर्यंत नेऊन घड दाखवला, मग मोबाइलवर स्वतःच्या बागेतला फोटो दाखवला, घडाशेजारी माणूस उभा असलेला, मग दुसरा फोटो, मग व्हिडिओ. "सांग त्यांना, पाच हजार खोडं आहेत. कॅव्हेंडिशच! सगळी यांचीच!"

आईंनी पदर झटकला आणि अण्णांची बाही ओढली.

"हळू बोला जरा. सारखं काय यांची यांची. आधीच टॅक्सने पिळलेली माणसं आहेत, घडामागे पैसे मागतील."