दोन उंचवट्यांवरून एवढी गोष्ट? फोंड्याच्या सरांना उत्तर

नमस्कार सर. पॉलिथिलीन म्हणजे लांबच लांब साखळीसारख्या रेणूंचं प्लास्टिक. क्ष-किरणांनी त्याचे स्फटिक कसे मोजतात यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "आलेखात दिसतात दोन-तीन उंचवटे, आणि तुम्ही साखळ्यांच्या घड्या, थर, त्यांची जाडी सगळं सांगून मोकळे. हे मोजमाप की कल्पना?" तीन दिवस हा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

आधी माझी चूक. 'स्फटिकाची जाडी १६ नॅनोमीटर' असं मी लिहिलं, ते चुकीचं होतं. क्ष-किरणांच्या लहान कोनातल्या विकिरणातून, म्हणजे नमुन्यातून जाताना ते जे थोडेसे विखुरतात त्यातून, थेट कळतं ते एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं अंतर. त्यात स्फटिकही आला आणि शेजारचा विस्कळीत भागही. दोघांची अदलाबदल केली तरी विकिरण तेच येतं! स्फटिकाचा वाटा ६० टक्के असेल तर जाडी ९.६ नॅनोमीटर, ४० असेल तर ६.४. हा वाटा मोठ्या कोनातल्या उंचवट्यांवरून किंवा घनतेवरून वेगळा काढावा लागतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

घड्यांबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. १९५७ साली ब्रिस्टलमध्ये अँड्र्यू केलर यांनी द्रावणातून पॉलिथिलीनचे पापुद्र्यासारखे स्फटिक वाढवले. जाडी १० नॅनोमीटरच्या आसपास, आणि इलेक्ट्रॉन विवर्तनात (स्फटिकातून जाताना इलेक्ट्रॉनांचा झोत कसा वळतो ते पाहून) साखळ्या पापुद्र्यावर उभ्या आढळल्या. साखळी तर त्या जाडीच्या कितीतरी पट लांब. ती परत वळल्याशिवाय मावणार कुठे?

आता तुमचे उंचवटे. तांब्यापासून काढलेल्या क्ष-किरणांत ते साधारण २१.५ आणि २४ अंशांवर येतात, पण विखुरलेल्या किरणांच्या मूळ चित्रात त्या गोल कड्या असतात, आलेख त्यावरून नंतर काढतात. गेल्या जुलैत, मासेमारी बंदीत ट्रॉलर बांधून ठेवलेले असताना, गोव्यातल्या मालीम जेटीवर टाकून दिलेल्या पॉलिथिलीनच्या जाळ्यातला एक निळा धागा मी उचलून आणला. त्यातलाच थोडा वितळवून थंड केला, तर कड्या अखंड आल्या, म्हणजे स्फटिक सगळ्या दिशांना वळलेले. मूळ धागा उभा धरला तेव्हा त्याच कड्या तुटल्या आणि डावी-उजवीकडे दोन-दोन कमानी उरल्या. कारखान्यात धागा ओढताना साखळ्या त्याच्या लांबीला लागलेल्या असतात, ते इतकं उघड दिसतं. मी बराच वेळ बघत बसलो होतो.

तुमची शंका खरी लागू पडते ती वेगळ्याच ठिकाणी. काही प्रयोगांत वितळलेलं पॉलिथिलीन थंड होताना लहान कोनातलं विकिरण आधी वाढतं, स्फटिकाच्या कड्या नंतर उमटतात. काही संशोधक याला स्फटिकाआधीची अवस्था म्हणतात. काहींच्या मते सुरुवातीचे थोडे स्फटिक इतके कमी असतात की कड्यांत टिपलेच जात नाहीत. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं.