भावना दुखावल्याची भीती आणि आमचं नमन

सकाळपासून डोकं फिरलंय. गावच्या मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: यंदा नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या शिमग्याच्या खेळात, देव, देऊळ, मानकरी, कुठलाच धर्म, काही म्हणजे काही नको. मावशीचे, म्हणजे पुरुषाने लुगडं नेसून करायच्या विनोदी पात्राचे, संवाद आधी लिहून दाखवायचे. कोणी भावना दुखावल्याची केस टाकली तर पोरांचे पासपोर्ट अडकतील. खाली अंगठ्यांची रांग.

मावशीचे संवाद लिहून दाखवायचे? सारवलेल्या खळ्यात रात्रभर बसून ज्यांनी नमन बघितलंय, त्यांना मी काय सांगू! गण झाला, गवळण आली, पेंद्या आणि मावशी बोलायला लागले की गावाने वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर यायचं.

आमचे तात्या मावशी करायचे. मिशी काढायला तयार नसत, पदर तोंडावर ओढून घेत. मी शाळेत होतो तेव्हा एका शिमग्यात पेंद्याने विचारलं, "मावशे, मथुरेच्या बाजारात काय नेतंस?" तात्या म्हणाले, "देवळावर घालायचे पत्रे. देवाला नको झाले, मानकऱ्याच्या गोठ्यावर बरे दिसतात." खळं हसून लोळलं. मानकरी ताडकन उठले. "ह्यो देवाचा अपमान हाय!" मृदंग थांबला.

देवाबद्दल तात्या एक शब्द बोलले नव्हते. पालखी दारात आली की ज्याचे डोळे भरून येत, असा माणूस. ते पत्र्यांबद्दल बोलले होते.

बहुतेक वेळा असंच असतं. देवाला कोणी काही म्हटलेलं नसतं, कुणाचे तरी पत्रे उघडे पडलेले असतात.

धार्मिक भावना दुखावल्याच्या ज्या कलमाचा सगळ्यांनी धसका घेतलाय ते 1927 साली इंग्रजांनी आणलं, दंड संहितेचं 295अ. आता ते भारतीय न्याय संहितेत 299 झालंय. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण त्यात स्पष्ट लिहिलंय की अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असला पाहिजे. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम कायम ठेवलं तेव्हाही सांगितलं की नकळत, बेफिकिरीने झालेला अपमान यात येत नाही. हे ठाण्यात कोण वाचतं? तिथे आधी पोराला बोलावून बसवतात, मोबाईल काढून घेतात. हेतू वगैरे पुढे कोर्टात. तोपर्यंत बोटीवरची नोकरी गेलेली असते.

पालघर विसरलात? तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. नोव्हेंबर 2012. एका मुलीने बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने नुसतं लाईक केलं, दोघींना अटक. आपल्याच किनारपट्टीवर! त्यातून प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि 24 मार्च 2015 ला ऑनलाईन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून पकडायचं आयटी कायद्याचं कलम 66अ रद्द झालं. तरीही त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच त्याचा धक्का बसला. संताप नाही येणार तर काय?

हो, अमक्या धर्माच्या माणसाकडून मासळी घेऊ नका, त्यांना गावातून हाकला, असं कोणी माईकवर ओरडत असेल तर त्याच्यावर कायदा चाललाच पाहिजे. मान्य. पण तो मोकाट आणि मावशीच्या तोंडाला कुलूप, हे मला मान्य नाही.

आणि कृपा करून कोणी बोलण्याचं स्वातंत्र्य विरुद्ध धर्माचं स्वातंत्र्य अशी कुस्ती लावू नका. 1986 चा केरळचा खटला आठवा. यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन मुलं, शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, कारण त्यांचा धर्म तसं सांगतो. शाळेने काढलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींच्या खंडपीठाने परत घ्यायला लावलं, आणि आधार दोन्ही घेतले, राज्यघटनेचं बोलण्याचं कलम 19 आणि धर्माचं कलम 25. गप्प राहायचा हक्क आणि श्रद्धेचा हक्क एकाच निकालात. ज्याला बोलायची मोकळीक नाही त्याला उद्या आपल्या पद्धतीने देव पुजायची तरी कोण देणार आहे?

लिहिता लिहिता मानकऱ्यांचा चेहरा आठवतोय. त्यांना लागलं होतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी ते आमच्या पडवीत आले, तात्यांशी दुपारपर्यंत भांडले. आईने मध्येच चहा ठेवला, तो दोघांनी घेतला आणि पुन्हा भांडले. तात्या एकच धरून बसले, "पत्रे खंय गेले ता सांग." पुढच्या बैठकीत देवळाचा हिशोब सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, वाचला गेला. मानकरी बराच काळ आमच्याशी बोलले नाहीत, पण पालखी आमच्या दारी आणायची त्यांनी कधी चुकवली नाही. आज तेच तात्या असते तर कोणीतरी क्लिप कापून फिरवली असती, आणि हिशोब मागणारा आरोपी झाला असता.

मार्च 2025 मध्ये एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. निकाल न्यायमूर्ती अभय ओकांचा, आपल्या ठाण्याच्या कोर्टात वकिली सुरू केलेले. त्यात सांगितलंय की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने मोजायचा, सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या नाही. आणि अशा प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करावी, त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम 173(3).

मंडळातल्या पोरांनो, हा आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. यंदाचे मावशीचे संवाद मी लिहितोय, लेखक म्हणून पावतीवर, बॅनरवर माझं नाव टाका. तक्रार आली तर पहिला माझा नंबर द्या. वकिलांशी दुपारीच बोललोय, ते रविवारी तालमीला येतायत.