कमानीवाले साहेब आणि बार्सिलोनाचा बालागेर

आज सकाळी दूध आणायला निघाले तर नाक्यावर नवी कमान उभी! माजी नगरसेवकांच्या तीर्थरूपांचं नाव आणि त्यावर साहेबांचा स्वतःचा फोटो, नावापेक्षा मोठा. डोकंच फिरलं. दादा गेल्यावर त्यांची पुस्तकं घेऊन याच साहेबांकडे गेले होते मी, वाचनालयाला एक खोली तरी द्या म्हणून. तर म्हणे, ताई, आता सगळं मोबाईलवर मिळतं.

आणि मग दिवसभर डोक्यात घोळतोय तो स्पेनचा व्हिक्टर बालागेर. कवी, नाटककार, पत्रकार, खासदार, मंत्री, सगळं एकाच जन्मात (१८२४ ते १९०१). लेकीकडे बार्सिलोनाला गेले होते तेव्हा पहिल्यांदा नाव ऐकलं. तिथला तो आखीव चौकोनी नवा भाग आहे ना, एइशाम्प्ला, त्याच्या रस्त्यांना नावं द्यायचं काम नगरपालिकेने १८६३ मध्ये याच्यावर सोपवलं. याने काय केलं, कातालुन्याचा, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्याचा, अख्खा इतिहास रस्त्यांवर मांडला. आरागॉन, वालेन्सिया, मायोर्का, सार्डिनिया, नेपल्स ही जुन्या राज्यातली मुलखांची नावं, मग जुन्या संस्था, मग पाउ क्लारिससारखे जुने पुढारी. तुम्ही सगळे सेल्फी काढता ते सागरादा फामिलिया चर्च मायोर्का रस्त्यावरच आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात यातल्या मोठ्या रस्त्याला पक्षाच्या पुढाऱ्याचं नाव चिकटवलं, लोक आपले ग्रान व्हियाच म्हणत राहिले.

इतिहासकार म्हणून जरा कच्चा होता म्हणतात, दंतकथाही खऱ्या धरायचा. असेल. कमानीवाल्यांनी निदान दंतकथा तरी वाचाव्यात!

आणि भाषेसाठी नुसती भाषणं नाही ठोकली त्याने. कातालान या तिथल्या भाषेतल्या जुन्या काव्यस्पर्धा १८५९ ला पुन्हा सुरू केल्या त्यात हा होता. राजकारणापायी १८६६ मध्ये देश सोडून दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सला जावं लागलं, तिथे मिस्त्राल हा कवी आणि त्याच्या कविमित्रांनी सांभाळलं, तर त्या उपकाराखातर कातालान लोकांनी पुढच्या वर्षी त्यांना चांदीचा चषक पाठवला. त्या चषकाचं गाणं प्रोव्हान्समध्ये अजून गातात.

पण मला खरं हलवलं ते विलानोव्हा या गावाने. बार्सिलोनाहून किनाऱ्याकिनाऱ्याने लोकल जाते, स्टेशनाला लागूनच त्याने उभारलेलं ग्रंथालय आणि म्युझियम आहे, १८८४ चं. हा काही तिथला नाही, जन्म बार्सिलोनाचा, पण त्या गावाने निवडून दिलं म्हणून जिवंतपणीच आपली सगळी पुस्तकं, चित्रं, वस्तू गावाला देऊन मोकळा झाला, वर स्वतःचा पैसा ओतला. आत एल ग्रेको या जुन्या चित्रकाराचं चित्र आहे, एका लहान मुलाची इजिप्शियन ममीसुद्धा आहे. इमारतीला नाव स्वतःचं दिलं, हो, ते दिलंच. पण दारापुढचे पुतळे बघा, ते गावच्याच एका आर्चबिशपचा आणि एका कवीचा.

तिथली ती भिंतभर कपाटं बघताना मला दादांचीच पुस्तकं दिसत होती. ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांचं उत्तर एकच, जागा नाही. शेवटी रद्दीवाल्याला बोलावलं. त्याने माझ्यासमोर पुठ्ठ्याची कव्हरं फाडून वेगळी टाकली, पुठ्ठ्याचा भाव वेगळा असतो म्हणे. दादा प्रत्येक पुस्तकावर तारीख आणि किंमत लिहायचे, बारीक पेन्सिलीने. ती पानं काट्यावर. मी आत निघून गेले, पैसे ह्यांनी घेतले.

आता कोणीतरी कमेंटमध्ये सांगणारच, म्हणून मीच सांगते. हा वसाहतींचा मंत्री होता, आणि त्या काळात १८८७ ला माद्रिदमध्ये फिलिपिन्सचं प्रदर्शन भरलं, त्यात तिथली माणसं आणून बघायला ठेवली होती. काही तिथेच दगावली. फिलिपिन्सचा लेखक होसे रिझाल संतापला होता, बरोबरच होतं त्याचं. हे वाचल्यावर बालागेर माझ्या मनातून थोडा उतरला, खोटं कशाला बोलू. पण पुस्तकांच्या बाबतीत नाही उतरला.

असो. रद्दीवाल्याच्या तावडीतून दोन पेट्या मी माळ्यावर लपवल्या होत्या. जुने शब्दकोश, संतवाङ्मय, थोडे दिवाळी अंक. कुणाच्या गावात खरंच चालू असलेलं वाचनालय असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, टेम्पोचं भाडं मी देईन. फक्त उद्घाटनाला कुणा साहेबाला बोलावू नका.