देव घटनेत आणि देव माइकवर

2025 च्या जूनमध्ये संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे म्हणाले की आणीबाणीत 42 व्या दुरुस्तीने सरनाम्यात घातलेले 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द ठेवायचे का, यावर विचार व्हायला हवा. हेच शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरात फेटाळल्या होत्या. तरी आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर धुमश्चक्री झाली. त्यात एका मित्राने मला उद्देशून टाकलं, "तुमच्या अमेरिकेत तर प्रत्येक राज्याच्या घटनेत देव आहे. नोटेवरही आहे. काय बिघडलं का तिथे कुणाचं?"

माहिती त्याची बरोबर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय घटनेत देवाला स्थान नाही, उलट कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही असं सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय. पण पन्नासही राज्यांच्या घटनांत देव या ना त्या रूपात आहे. नोटेवरचं 'इन गॉड वी ट्रस्ट' (देवावर आमचा भरवसा) हे वाक्य 1956 मध्ये देशाचं अधिकृत ब्रीद झालं. रशियातल्या निरीश्वरवादी कम्युनिस्टांना खिजवण्याचा तो काळ. राहिला प्रश्न कुणाचं काही बिघडलं का याचा. तर मी नॉर्थ कॅरोलिनात राहते, म्हणून इथलंच सांगते.

इथल्या राज्यघटनेची सुरुवातच 'राष्ट्रांचा सार्वभौम शासक' असलेल्या सर्वशक्तिमान देवाचे आभार मानून होते. तिथवर ठीक आहे, आपल्याकडे लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसं. पण सहाव्या प्रकरणाच्या आठव्या कलमात पदासाठी अपात्र कोण याची यादी आहे, आणि तिच्यात पहिला मान देवाचं अस्तित्व नाकारणाऱ्याला. देशद्रोह किंवा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले त्याच्या खाली! 1776 मध्ये तर इथे प्रोटेस्टंट पंथाचं सत्य नाकारणाराच पदाला अपात्र होता. 1809 मध्ये जेकब हेन्री नावाच्या ज्यू आमदाराची जागा याच कलमावरून काढून घ्यायचा प्रयत्न झाला. त्याने सभागृहात उभं राहून धर्मस्वातंत्र्यावर भाषण केलं आणि जागा राखली. कलम मात्र जागेवरच राहिलं. 1835 मध्ये 'प्रोटेस्टंट'चं 'ख्रिश्चन' झालं, म्हणजे कॅथलिक आत आले. ज्यूंना 1868 पर्यंत थांबावं लागलं. नास्तिक अजून दाराबाहेरच आहेत, निदान कागदावर.

असली अट राज्यांना लावता येणार नाही, असं केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच मेरीलँडच्या एका नोटरीच्या खटल्यात सांगितलं. त्यामुळे आमचं कलम मेलेलं आहे. पण मेलेलं कलमही अंगावर फेकता येतं. 2009 मध्ये अॅशव्हिल शहराच्या कौन्सिलवर सेसिल बॉथवेल निवडून आले तेव्हा, हा माणूस देव मानत नाही, याला शपथच घेता येत नाही, म्हणून विरोधकांनी हेच कलम बाहेर काढलं. बॉथवेल पदावर राहिले. तरी निवडून आल्यावर देव मानतोस का याचा खुलासा करावा लागणं, यालाच मी बिघडणं म्हणते.

माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट रोवन काउंटीची. काउंटी म्हणजे इथला जिल्हा. सॉल्सबरी हे तिचं मुख्यालय. तिथल्या मंडळावर पाच सदस्य, सगळे ख्रिश्चन. दर बैठकीच्या सुरुवातीला ते आळीपाळीने स्वतःच प्रार्थना म्हणत आणि समोर बसलेल्यांनाही उभं राहून सामील व्हायला सांगत. 2007 ते 2013 मधल्या या प्रार्थनांपैकी 97 टक्क्यांहून अधिक ख्रिश्चन होत्या. काही रहिवासी कोर्टात गेले. वाद चालू असतानाच त्या भागातल्या आमदारांनी राज्याला स्वतःचा धर्म ठरवता येतो असा ठरावच विधानसभेत मांडला. तो पुढे सरकला नाही. 2017 मध्ये अपील न्यायालयाने 10 विरुद्ध 5 मतांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. गंमत अशी की, तीनच वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बैठकीपूर्वीच्या प्रार्थनेला परवानगी दिली होती. तिथे प्रार्थना बाहेरून बोलावलेले पाद्री म्हणत. रोवनमध्ये ज्यांच्या हातात तुमच्या घराचा नकाशा, तुमच्या दुकानाचा परवाना, तेच म्हणत होते.

हा फरक मला कायद्याच्या पुस्तकातून कळला नाही. आमच्या भागातल्या जमिनीच्या एका प्रकरणात मी अशाच एका बैठकीला गेले होते. तीन मिनिटं बोलायला मिळतात, हातात कागद, पोटात गोळा. तेवढ्यात "कृपया उभे राहा" आलं. अख्खी खोली उठली, माना खाली गेल्या, शेवट येशूच्या नावाने झाला. कुणी काही वाईट बोललं नाही. पण ज्याच्याकडून मला मत हवं होतं तोच प्रार्थना म्हणत होता, आणि मी बसून राहिले असते तर ते त्याला दिसलं असतं. मी उभी राहिले.

आता आपल्याकडे या. 17 ऑक्टोबर 1949 ला घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी सरनामा 'ईश्वराच्या नावाने' सुरू करावा अशी दुरुस्ती मांडली. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, आम्ही कामाख्येच्या प्रदेशातले, मग देवीचं नाव का नको? थाणू पिल्ले यांचा मुद्दा होता की ही श्रद्धेची सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरूंना हे सरनाम्यातल्या विचार-श्रद्धेच्या स्वातंत्र्याशीच विसंगत वाटलं. देवावर मतदान करायची पाळी आमच्यावर आणू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जींनी कामथांना केली. कामथ हटले नाहीत. मतं पडली, 41 विरुद्ध 68. देव हरला. आणि शपथेत मात्र त्याची सोय झाली: ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर त्याचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक सांगा. ज्याला हवा त्याला देव, ज्याला नको त्याच्यावर जबरदस्ती नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या आठव्या कलमापेक्षा ही तोड कितीतरी शहाणी आहे.

पण सरनाम्यात देव नाही म्हणून आपलं सरकार देवापासून लांब आहे असं कोण म्हणेल? घटनेच्याच 290-क कलमाने केरळला दरवर्षी 46 लाख 50 हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीत भरावे लागतात. आणि आषाढीला पहाटे पंढरपुरात शासकीय महापूजा मुख्यमंत्री सपत्नीक करतात. रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला सोबत पूजेचा मान मिळतो, वर एसटीचा वर्षाचा मोफत पास. माझ्या आजोबांनी हयातभर वारी केली. विठ्ठलाची पूजा कुणी करू नये असं मी मेले तरी म्हणणार नाही. माझा आक्षेप 'शासकीय' या शब्दाला आहे. 2018 मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी देवेंद्र फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत, पूजा 'वर्षा'वरच केली. पूजा राज्याच्या गादीला जोडली की गादीवरचा राग विठ्ठलाच्या दारात येणारच.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या आपल्या मंडळींची मात्र कमाल आहे. मुलाच्या शाळेत कोचने खेळाआधी प्रार्थना घेतली की संध्याकाळी फोनाफोनी, "हे चालतं कसं?" त्याच रात्री मायदेशच्या ग्रुपवर "आता तरी उघडपणे हिंदू राष्ट्र म्हणा." नॉर्थ कॅरोलिनातल्याच केरी शहराच्या व्यंकटेश्वर मंदिराच्या 87 फुटी गोपुराचं 2022 च्या दिवाळीत गव्हर्नरने उद्घाटन केलं तेव्हा आम्ही सगळे फोटो काढत होतो, मीही. तो पाहुणा म्हणून आला आणि गेला. मंदिर आमच्या वर्गणीचं होतं, त्याच्या खजिन्याचं नव्हे.

म्हणून सरनाम्यातल्या शब्दांवरून चाललेल्या भांडणात मला फार रस उरलेला नाही. धर्मनिरपेक्ष शब्द उद्या काढला तरी पंढरपूरची पूजा होणार, ठेवला तरी होणार. मित्राला मी एवढंच लिहिलं की मुख्यमंत्र्यांनी एकदा आषाढीला रांगेत उभं राहून दर्शन घ्यावं, आणि पूजेचा मान फक्त त्या वारकरी जोडप्याकडे राहू द्यावा. त्याचं उत्तर आलं, "मग सुरक्षेचं काय?"