शास्त्रज्ञ फार झालेत? हे करून पाहा

सत्तेवर नवीन असाल तर आधीच सांगतो, प्रयोगशाळा जाळू नका. धूर दिसतो, लोक बोलतात. इमारत, काचेची नळकांडी, फळा सगळं जागच्या जागी राहू द्या, नुसती माणसं हलवा.

जर्मनीने हे किती सफाईने केलं! 7 एप्रिल 1933 ला ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा एक कायदा काढला आणि महिन्याच्या आत गटिंगेन विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न, गणितज्ञ एमी न्योटर घरी बसले. न्योटरबाईंवर तर पूर्वतयारीही झालेली होती म्हणा. सुरुवातीची काही वर्षं त्या बिनपगारी शिकवायच्या, आणि व्याख्यानं जाहीर व्हायची तिथल्याच गणितज्ञ हिल्बर्टच्या नावावर. इटलीने 1938 मध्ये ज्यूंविरुद्ध कायदे केले. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञ फर्मीची बायको ज्यू. तो बायकामुलांसह स्टॉकहोमला गेला, नोबेल घेतलं आणि घरी न परतता न्यूयॉर्कची बोट धरली. चारच वर्षांत शिकागोत जगातली पहिली अणुभट्टी चालू. तुमची अडगळ दुसऱ्याच्या कामी आली, पुण्यच की!

पण घालवून देणं खर्चिक वाटत असेल, तर घरातलाच एक लिसेंको शोधा. शिक्षण बेताचं चालेल, साहेबांची री ओढता आली पाहिजे. सोव्हिएत रशियातला हा शेतीतज्ज्ञ म्हणे, एकाच जातीची रोपं आपसांत भांडत नाहीत, दाट लावा. रोपांनी ऐकलं नाही, पण स्टालिनने ऐकलं. 1948 मध्ये आनुवंशिकीच बाद ठरवली, म्हणजे प्रयोग फसला तरी विरोधी निष्कर्ष काढायला कुणी उरलंच नाही. जगभर हिंडून बियाणं गोळा करणारा वाविलोव्ह तोवर तुरुंगात उपासमारीने गेला होता, 1943 मध्ये.

एक धोका मात्र राहतो. त्याच वाविलोव्हच्या संस्थेतली काही माणसं दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात भुकेने मेली. भाताचे वाण सांभाळणारा तर भाताच्या हजारो पाकिटांशेजारी मेला, एक पाकीट फोडलं नाही. असल्या माणसांवर आपले उपाय चालत नाहीत. त्यांना मरणोत्तर पदक देऊन टाकावं.

आणि हो, देश सोडून गेलेल्या कुणाला तिकडे मोठं पारितोषिक मिळालं, की अभिनंदनाचा पहिला संदेश तुमचाच गेला पाहिजे. 'आपल्या मातीचा सुपुत्र' हे शब्द त्यात घालाच. मसुदा आत्ताच करून ठेवा, ऐनवेळी धांदल होते.