सासूबाईंच्या गुडघ्यांनी पाहिलेलं व्हेनिस

व्हेनिसमध्ये अंतर मीटरमध्ये सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. आमच्या घरमालकाने निरोपात लिहिलं होतं, "स्टॉपपासून फक्त चारशे मीटर." त्या चारशे मीटरांत पूल किती, हे लिहायचं त्याने टाळलं होतं. या गावात चारशेच्या वर पूल आहेत आणि खालून होड्या जायच्या म्हणून बहुतेक सगळे कमानीचे. आधी पायऱ्या चढायच्या, वर फोटो काढत उभ्या असलेल्यांमधून वाट काढायची आणि मग तेवढ्याच पायऱ्या उतरायच्या. एवढा द्राविडी प्राणायाम करून ओलांडायचा काय, तर धड आडवी रिक्षा मावणार नाही एवढा कालवा.

निघण्यापूर्वी सासूबाईंनी विचारलं होतं, "चालावं लागतं का रे?" आमचे हे म्हणाले, "छे गं आई, सगळं गाव पाण्यात. होडीतनं फिरायचं." यातला शब्द न् शब्द खरा होता. वकील माणूस, खोटं बोलायची गरजच पडत नाही.

स्टेशनबाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनाल. रस्ता नाही, रिक्षावाले नाहीत, "मावशी, कुठं जायचं?" नाही. गावात सायकल चालवायलाही बंदी. चाकाचा शोध व्हेनिसने मनावरच घेतलेला नाही. २०१४ मध्ये तर चाकांच्या बॅगांच्या खडखडाटाला कंटाळून त्यांच्यावर बंदी आणायचं घाटत होतं. पुढे ते बारगळलं. आमच्याकडे अशा दोन बॅगा होत्या आणि एकीत सासूबाईंनी 'असू दे' म्हणून घेतलेलं बरंच काही होतं.

इथली सिटी बस म्हणजे वापोरेत्तो. एक नंबरची होडी ग्रँड कॅनालवरचे जवळपास सगळे स्टॉप घेत जाते. तिकीट साडेनऊ युरो, चालतं पंच्याहत्तर मिनिटं. सासूबाईंनी पर्समधून आधार कार्ड काढलं.

"आपल्या एसटीत पंच्याहत्तरी झाली की तिकीट नाही."

"आई, इथे पंच्याहत्तर मिनिटं झाली की नवीन तिकीट."

त्या मिनिटांचा त्यांनी पुरेपूर हिशेब वसूल केला. बसायला जागा मिळाली, दोन्ही काठांवर राजवाडे सरकू लागले आणि त्यांची नजर मात्र दारातल्या कंडक्टर मुलीवर. तरंगत्या स्टॉपला होडी धाडकन टेकायची, ती मुलगी जाड दोर खुंट्यावर टाकून दोन वेढे द्यायची, दोर करकरायचा, लोखंडी दांडा बाजूला सरकायचा आणि माणसं उतरायची. की पुन्हा दोर सोडून पुढे. "पोरगी चलाख आहे," एवढाच शेरा. रिआल्तोचा १५९१ मधला दगडी पूल डोक्यावरून गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "पूल असा खालून बघावा."

हे त्यांचं व्हेनिसबद्दलचं पहिलं आणि शेवटपर्यंत न बदललेलं मत.

उतरल्यावर पत्ता शोधणं आलं. व्हेनिसचे सहा भाग आहेत आणि घरांना नंबर गल्लीप्रमाणे नाहीत, अख्ख्या भागाचे सलग. आमच्या कास्तेल्लो भागात ते साडेसहा हजारांच्या पुढे जातात. पत्त्यात नुसतं 'कास्तेल्लो' आणि चार आकडे. हे मोबाईल समोर धरून पुढे, मी बॅगा घेऊन मागे, सासूबाई त्याच्याही मागे. उंच घरांच्या फटीत मोबाईल बावचळतो. त्यातला निळा ठिपका आम्हाला कधी भिंतीत उभं करी, कधी कालव्यात. एक गल्ली अशी निघाली की वळलो तर पुढे तीन शेवाळलेल्या पायऱ्या आणि पाणी.

"नकाशात हीच आहे," हे म्हणाले.

"मग नकाशालाच पाठव पुढे," सासूबाई म्हणाल्या.

कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्या असतात. सान मार्को इकडे, रिआल्तो तिकडे. एका भिंतीवर एकाच ठिकाणाकडे दोन बाण होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि दोन्ही खरे होते! यांना हे अजून पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम सासूबाईंच्या गुडघ्यांनी आखला. "तिथे पूल किती?" हा पहिला प्रश्न. तीनपेक्षा जास्त असतील तर ते प्रेक्षणीय स्थळ बाद. या चाळणीतून सरकारी दवाखाना मात्र पास झाला, कारण तो घराजवळ होता. बाहेरून पंधराव्या शतकातली संगमरवरी नक्षी, कमानी, सिंह. सासूबाईंनी चपला काढायला सुरुवात केली होती, तेवढ्यात आतून एकजण पायाला प्लास्टर घालून कुबड्यांवर बाहेर आला. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं. "पुलावरनं पडला असणार."

सान मार्कोचा चौक मात्र बघायचाच होता. तिथे एकही पूल नाही, पण बसायलाही काही नाही. पायऱ्यांवर टेकलात तर दंड. खुर्च्या आहेत त्या कॅफेच्या, आणि तिथे वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे पैसे वेगळे, माणशी. मी मेनूकार्डावरचा तो बारीक मजकूर वाचून दाखवला.

"आपण कानात बोटं घालून बसलो तर?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं.

शेवटी ह्यांनी समोरच्या घंटाघराचं सुचवलं. सुमारे नव्व्याण्णव मीटर उंच. मूळचा मनोरा १४ जुलै १९०२ च्या सकाळी कोसळला, त्यात माणूस एकही दगावला नाही. १९१२ मध्ये तो होता तिथेच, होता तसाच पुन्हा उभारला. हे सगळं हे वाचून दाखवत होते तोवर सासूबाई मान वर करून पायऱ्यांचा अंदाज घेत होत्या.

"आई, लिफ्ट आहे."

"लिफ्ट?"

"वरपर्यंत."

त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग साठलेलं सगळं बाहेर पडलं. "म्हणजे आभाळात जायला लिफ्ट, आणि हातभर नाला ओलांडायला जिने? कोणी बांधलं रे हे गाव?"

वर वाऱ्याने पदर उडत होता. खाली नुसती लाल कौलं, घुमट, पलीकडे खाडी आणि तिच्यातली बेटं. गंमत म्हणजे इतक्या कालव्यांच्या गावात वरून आतला एकही कालवा दिसत नाही, घरांच्या दाटीत सगळे झाकून जातात. हे कठड्याला ओणवे होऊन शोधत होते. सासूबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून चहूबाजूंनी फिरल्या.

"एकसुद्धा पूल दिसत नाही," त्या म्हणाल्या, "किती सुंदर गाव आहे!"

आणि ह्यांना फोटो काढायला लावला.