उन्हाळ्यातल्या कार्याला पन्हंच द्या

एप्रिल-मेमध्ये घरी कार्य काढलंत, तर उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आधी पन्ह्याचा पेला द्या. पन्हं जमणार नसेल तर कोकम सरबत द्या. पण ते हिरवंनिळं पाणी नको आणि दोन लिटरच्या बाटल्यांमधलं कोल्ड्रिंकही नको. ओळखीच्या प्रत्येक घरात मी हे सांगत असते. लगीनसराई तोंडावर आलीय, म्हणून आज इथे सविस्तर लिहितेय.

हल्ली कार्यालयात शिरलं की टेबलावर काचेच्या ग्लासांत ‘वेलकम ड्रिंक’ मांडून ठेवलेलं असतं. विचारलं तर वाढणारा मुलगा सांगतो, ग्रीन ॲपल आहे, नाहीतर ब्लू लगून आहे. बहुतेक वेळा त्यात फळ नसतंच. साखरेचा पाक, सायट्रिक ॲसिड, रंग आणि वास, एवढंच. आपल्याकडे कैऱ्या झाडाला लगडलेल्या असतात, कोकणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकून खाली पडत असतात, आणि त्याच दिवसांत आपण पाहुण्यांना सफरचंदाच्या वासाचं पाणी पाजतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मठ्ठा किती आंबट हवा, जिलबी समोर तळणार का, याची चौकशी यजमानाने दहादा केलेली असते. पेयाचा विषय मात्र निघतच नाही. मग केटरर त्याच्या सोयीचं देतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, आपण सांगितलेलंच नसतं.

‘आम्ही तर फ्रूट ड्रिंकच ठेवलंय’ असंही पुष्कळ जण म्हणतात. खोक्यावरचा बारीक मजकूर जरूर वाचा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार फ्रूट ड्रिंक म्हणायला १० टक्के रस पुरतो, लिंबाचं असेल तर ५ टक्केसुद्धा चालतो. खोक्यावर आंबा रसरशीत काढलेला असतो आणि आत बहुतेक साखरपाणी असू शकतं.

आता साखरेचं खरं काय ते सांगते, कारण गूळ घातला की पेय आपोआप पौष्टिक होतं असं मानणारे खूप आहेत. तसं होत नाही. कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, आणि आंबट कैरीचं पन्हं नीट गोड करायचं तर गूळही जवळपास तेवढाच लागतो, कधी थोडा जास्तच. पन्हं मी त्यासाठी मागत नाही. पन्ह्यात कैरीचा गर असतो, चवीला मीठ असतं, वेलचीचा खरा वास असतो, आणि एका पेल्यात माणूस तृप्त होतो. कोल्ड्रिंक प्यायल्यावर मला तरी पाच मिनिटांत पुन्हा तहान लागते.

आपल्याला हे नव्याने शिकायचंही नाहीये. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाची फोड, ओटीत भिजवलेले हरभरे. महिनाभर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी पन्ह्याचं पातेलं भरलेलं असायचं, आणि तीस-चाळीस बायकांचं पन्हं घरची एकटी बाई करायची. म्हणून ‘एवढ्या माणसांचं कोण करणार?’ हा प्रश्न मला पटत नाही.

पन्नास माणसांचं माप देते. दीड किलो कैऱ्या घ्या, शक्यतो गावठी, रायवळ. तोतापुरी दिसायला छान आणि गर भरपूर, पण आंबटपणात कमी पडते, तिचं पन्हं मिळमिळीत होतं. कैऱ्यांचे देठ कापून तासभर पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे चीक निघून जातो. हे करायचं राहिलं तर पन्हं घशाला खवखवतं. मग कुकरच्या भांड्यात सालासकट ठेवून तीन शिट्ट्या करा. भांड्यात पाणी घालायचं नाही, तळाला कुकरमध्ये असतं तेवढंच. उत्तरेकडे निखाऱ्यावर भाजतात, जिरं, पुदिना, काळं मीठ घालतात. तेही छान लागतं, पण मला आपलं उकडलेल्या कैरीचं, वेलचीकेशराचं जास्त आवडतं.

कैऱ्या हाताला सोसतील इतक्या निवल्या की कामाला बसा. साल आपसूक सुटते, तिला आतून चिकटलेला गर सुरीच्या पाठीने खरवडून घ्या. कोय मुठीत धरून पिळायची. पहिल्यांदा नुसता मऊ गर येतो, मग थोडं पाणी घेऊन पुन्हा पिळलं की रेषांमध्ये अडकलेला दाट, पिवळसर हिरवा गर बोटांच्या फटींतून बाहेर येतो. तोच खरा आंबट असतो, आणि घाईत बरेच जण तो कोयीबरोबर टाकून देतात. हे काम मिक्सरवर टाकू नका. रेषा बारीक होऊन गरात मिसळतात आणि मग प्रत्येक घोटाला दातात येतात. पुरणयंत्रातून किंवा मोठ्या चाळणीतून गर काढा.

एवढ्या कैऱ्यांचा साधारण किलोभर गर निघतो. त्याला सव्वा किलो चिरलेला गूळ, गर कोमट असतानाच. वेगळं उकळायची गरज नाही, गूळ विरघळला की एकदा गाळून घ्या, कारण गुळात खर असते. दोन चमचे मीठ, ताजी कुटलेली वेलची, हौस असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं केशर. कैऱ्या फार आंबट निघाल्या तर गूळ पावशेर वाढवावा लागेल, म्हणून पाणी घालण्याआधी चाखून बघा. हा गर आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि कार्याच्या सकाळी सात लिटर थंड पाण्यात कालवायचा. पावणेदोनशे मिलीचे पन्नास पेले होतात. दोनशे माणसं असतील तर चौपट करा, काम चौपट होत नाही, दोन हात जास्त लागतात इतकंच. भांडी स्टीलची घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा कल्हई उडालेलं पितळेचं पिंप अजिबात नको, आंबटाने धातू पन्ह्यात उतरतो.

बर्फाबद्दल मी फार कडक आहे. कार्यालयात लादी फोडून पिंपात टाकतात, ती कुठल्या पाण्याची आहे हे कुणीच विचारत नाही. खायचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला. पांढरी लादी दिसली म्हणून ती खायच्या पाण्याचीच असेल असं धरून चालू नका, केटररला स्पष्ट विचारा. घरी करणार असाल तर पिण्याच्या पाण्याचा बर्फ आदल्या दोन रात्री डब्यांमध्ये लावा, किंवा माठाचं पाणी वापरा. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत माठ काय गार करतो ते सांगायला नको. मुंबईच्या दमट हवेत पाझरलेलं पाणी लवकर उडून जात नाही, त्यामुळे तिथे माठावर सगळा भरवसा ठेवू नका.

आता कोकम. रातांब्याचं अमृत कोकम घरी केलेलं असेल तर तुमच्याइतके भाग्यवान तुम्हीच. रातांबे धुऊन पुसून अर्धे करायचे, बिया काढायच्या, वाट्यांमध्ये साखर भरून काचेच्या बरणीत रचायचे, सालांच्या साधारण दुप्पट साखर, आणि बरणी आठवडाभर उन्हात. थेंब पाणी न घालता तो लालभडक पाक सुटतो, त्यात रंगाचा कण नसतो. वर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. काढलेल्या बिया टाकू नका, त्यांच्यापासूनच कोकमाचं तेल निघतं, भेगा पडलेल्या टाचांना लावायचं ते. शहरात राहणाऱ्यांनी सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या बचत गटांकडून बाटल्या मागवाव्यात. घटकांमध्ये कोकम, साखर, मीठ, जिरं एवढंच लिहिलेलं असेल तर डोळे झाकून घ्या. रंगाचा नंबर लिहिलेला असेल तर परत ठेवा.

कार्यात एक दुसरं छोटं पिंप बिनसाखरेचं ठेवाच, हा माझा आग्रह आहे. आमच्या नात्यातले एक काका दरवेळी दारातच हात हलवून म्हणायचे, ‘मला नको गं, शुगर आहे,’ आणि भर दुपारी तसेच कोरड्या घशाने जाऊन बसायचे. गेल्या वर्षीच्या मुंजीत त्यांच्यासाठी आगळाचं केलं. आगळ म्हणजे मिठात उतरवलेला कोकमाचा रस, साखर नाही. पेलाभर गार पाण्यात दोन चमचे आगळ, चिमूटभर जिरेपूड, बास. वेगळं मीठ घालायचं नाही, आगळात ते असतंच. (ब्लड प्रेशरवाल्यांनी म्हणूनच जपून.) काकांनी दोन पेले घेतले आणि काकूंसाठी तिसरा मागून नेला. अशी माणसं प्रत्येक कार्यात दहा-वीस तरी असतात, आणि त्यांना साधं पाणी देऊन आपण मोकळे होतो.

केटररशी बोलताना ‘पन्हं ठेवा’ एवढ्यावर थांबू नका, नाहीतर तयार इसेन्सचं पन्हं येईल. कैऱ्या उकडून गर काढणार का, गूळ की साखर, बर्फ कुठला, हे तीन प्रश्न विचारा, आणि तो कां-कूं करायला लागला तर गर आम्ही घरून आणून देतो, तुम्ही फक्त कालवा, असं सांगा. बहुतेक जण आनंदाने तयार होतात. कालवायला घेताना सगळा गर एकदम ओतू देऊ नका, माणसं येतील तसं पिंप भरत राहायला सांगा. पाणी न लागलेला उरलेला गर छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवला की पावसाळ्यापर्यंत छान राहतो.